पाण्याने तुटणारं प्लास्टिक आणि सावरलेली पापणी

पापणीला आधार मिळावा म्हणून सर्जन गालाच्या आत एक प्लास्टिकची पट्टी बसवतात. ती काही महिने काम करते आणि मग शरीरातलं पाणीच तिचे तुकडे करून तिला नाहीशी करून टाकतं. नाहीशी व्हावी म्हणूनच ती तशी बनवलेली असते! एका डॉक्टरांच्या तोंडून मी हे ऐकलं आणि खुर्चीतच ताठ झाले. तेव्हापासून जो भेटेल त्याला मी हे सांगत सुटले आहे. आता तुम्हालाही सांगते, कारण इतकी विलक्षण गोष्ट माझ्यापुरती ठेवणं मला जमणारच नाही.

मला ती एवढी भिडली त्याला माझं काम कारण आहे. भोसरीच्या एका कारखान्यात पाण्याच्या बाटल्यांचे प्रीफॉर्म तयार होतात, तिथे मी क्वालिटी बघते. प्रीफॉर्म म्हणजे फुगवून बाटली करण्याआधीची जाड नळी. तिचा कच्चा माल म्हणजे पेट या पॉलिएस्टरचा दाणा. आमच्याकडे शिफ्ट बदलली की पहिला प्रश्न ठरलेला: दाणा वाळला का? हा दाणा हवेतली ओल शोषून घेतो. तो तसाच मशीनमध्ये गेला, की २८० अंशांच्या आसपासच्या उष्णतेत ती ओल पॉलिएस्टरच्या लांबलचक साखळ्या तोडते आणि माल ठिसूळ निघतो. म्हणून दाणा १६० ते १७० अंशांवर चार ते सहा तास वाळवायचा, ओल एक लाख भागांत पाच भागांच्या खाली आणायची, मगच पुढे सोडायचा. पावसाळ्यात तर ड्रायरवरची नजर हलवायची नाही. माझी सगळी नोकरी पॉलिएस्टरला पाण्यापासून वाचवण्यात गेली आहे. आणि इथे मला कोणी सांगत होतं, की त्याच कुळातलं एक पॉलिएस्टर पाण्याने तुटतं हाच त्याचा मोठा गुण आहे, आणि त्या गुणाच्या जोरावर माझ्या मामाची पापणी वर येणार आहे!

मामा जुन्नरकडे शेती करतो. मोटारसायकल घसरली आणि त्याचं गालाचं हाड मोडलं. हाड जुळलं, जखम भरली, पण आत जो व्रण तयार झाला तो आकसत गेला आणि त्याने खालची पापणी खाली ओढून घेतली. बुबुळाखालचा पांढरा भाग सतत उघडा दिसायचा. झोपेतही डोळा पुरता मिटायचा नाही. वारं लागलं, धूळ उडाली, उन्हात उभं राहिलं, की डोळा लाल होऊन पाणी गळायला लागायचं. मामी रोज रात्री मलम घालायची. "चालतंय गं, एवढ्याशा पापणीचं काय," असं मामा म्हणायचा. शेवटी त्याला पुण्याला आणलं ते ऑक्युलोप्लास्टीच्या डॉक्टरांकडे, म्हणजे पापण्या, अश्रूमार्ग आणि डोळ्याची खोबणी यांच्याच शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांकडे.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी मामाच्या डोळ्यात फ्लोरेसिनचा पिवळा रंग लावला आणि निळ्या प्रकाशात बघायला मलाही जवळ बोलावलं. डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर, खालच्या बाजूला, बारीक हिरवे ठिपके चमकत होते. "हे सगळं कोरडं पडून सोललं गेलंय," त्या म्हणाल्या. "पापणी तिथे पोहोचतच नाही ना! असंच राहिलं तर इथे व्रण पडेल, जंतू शिरतील, नजर जाऊ शकते." मामा गप्प झाला. मी मात्र प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि मॅडमनीही अगदी मनापासून उत्तरं दिली.

पापणी ही केवढी नाजूक आणि केवढी हुशार रचना आहे! तिचे मुख्य दोन थर. बाहेर त्वचा आणि डोळा मिटणारा स्नायू. आत टार्सस नावाची घट्ट पट्टी आणि तिला चिकटलेलं गुळगुळीत अस्तर. ही टार्ससची पट्टी वरच्या पापणीत साधारण दहा मिलिमीटर उंच असते, खालच्या पापणीत जेमतेम चार-पाच, आणि जाडी सुमारे एक मिलिमीटर. त्या एका मिलिमीटरच्या आत तेलाच्या ग्रंथी उभ्या ओळीत बसवलेल्या असतात. दर उघडझापेला त्या तेलाचा पातळ थर अश्रूंवर पसरतो, म्हणून अश्रू भर्रकन वाळत नाहीत. आणि उघडझाप तरी किती? मिनिटाला सरासरी पंधरा धरली तरी जागेपणी दिवसाला दहा हजारांच्या वर! यंत्राचा एखादा भाग रोज इतक्या वेळा हलतो, तोही शरीरातल्या अतिशय संवेदनशील पृष्ठभागांपैकी एकाला घासत, तरी आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. टॉलरन्स मोजणं हे माझं रोजचं काम, आणि हे आकडे ऐकून मला अक्षरशः भरून आलं.

अशी पापणी व्रणाने खाली ओढली गेली, तर नुसती वर खेचून टाके घालून भागत नाही. आधी आतून व्रण मोकळा करावा लागतो. मग जी जागा उघडते तिथे काहीतरी भरावं लागतं, नाहीतर पुन्हा आकसणारा व्रण तिला पुन्हा खाली ओढतो. गालही खाली उतरलेला असेल तर तोही वर उचलून धरावा लागतो, कारण त्याचं वजन पापणीवर येतं. भरायला काय वापरायचं, याची यादी मॅडमनी सांगितली तेव्हा मी थक्क झाले. तोंडातल्या टाळूचा तुकडा, कानाची कूर्चा, नाकाच्या पडद्याची कूर्चा, नेत्रपेढीतून मिळालेला दात्याच्या डोळ्याचा पांढरा पडदा, पेशी काढून टाकलेली दात्याची त्वचा. पापणीच्या पाच मिलिमीटरसाठी सर्जन शरीरभर फिरून आले आहेत! टाळूचा तुकडा खालच्या पापणीला छान जमतो, कारण तो ताठही असतो आणि त्याला स्वतःचं अस्तरही असतं. पण त्यासाठी तोंडात दुसरी जखम करावी लागते आणि काही दिवस जेवताना झोंबतं. शिवाय टाळूचा पृष्ठभाग थोडा खरखरीत, त्यामुळे दिवसभर डोळ्यावरून फिरणाऱ्या वरच्या पापणीत तो सहसा घालत नाहीत.

मग कायमचं कृत्रिम काही का नाही घालायचं? हा माझा पुढचा प्रश्न. तेही करून झालं आहे. सच्छिद्र पॉलिएथिलीनच्या पातळ चकत्या पापणीत घालून बघितल्या गेल्या. पॉलिएथिलीन म्हणजे आमच्या बाटल्यांच्या झाकणांचं भावंड! शरीरात ते तुटत नाही, गंजत नाही. पण पापणी पडली एवढीशी पातळ आणि सतत हलणारी. कायमची ताठ वस्तू तिथे राहिली की कधी तिची कड आतल्या अस्तरातून डोकावते, कधी पापणी कडक वाटते, कधी जंतूंना तिथे घर मिळतं. जिथे जागाच एका मिलिमीटरची आहे तिथे कायमचा पाहुणा फार जपून ठेवावा लागतो. याला अपवादही आहेत. चेहऱ्याचा पक्षाघात झालेल्यांच्या वरच्या पापणीत सोन्याचं छोटं वजन बसवतात, त्या वजनाने पापणी मिटते. तिथे गरजच कायमची असते, म्हणून वस्तूही कायमची.

मामाची गरज मात्र कायमची नव्हती. मॅडम म्हणाल्या, "मला गाल आणि पापणी नव्या जागी धरून ठेवायची आहे, पण फक्त शरीर स्वतः ती धरायला लागेपर्यंत." सगळं विज्ञान या एका वाक्यात आहे! स्लॅब टाकताना खाली सेंट्रिंग लावतात ना, तसंच. काँक्रीटने वजन पेलायला घेतलं की सेंट्रिंगचं काम संपलं. ते वेळेआधी काढलं तर स्लॅब बसेल, आणि कायमचं ठेवलं तर घरात राहता येणार नाही. फरक एवढाच, की इथे सेंट्रिंग काढायला कोणाला आत शिरावं लागत नाही. दुसरं ऑपरेशन नाही, दुसरी भूल नाही.

मग त्यांनी टेबलाच्या खणातून नमुन्याची पट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. बोटभरही नव्हती. एका टोकाला बारीक दाते, दुसरं टोक लांब आणि सपाट. दाते गालाच्या मऊ भागाला आतून पकडतात आणि लांब टोक वर खेचून कानशिलाजवळच्या घट्ट पडद्याला टाक्यांनी बांधतात. मी ती उजेडात धरली, नखाने दाबून बघितली, कडा तपासल्या, आणि विचारलं, "मॅडम, मटेरियल?" त्यांनी सांगितलं: ८२ टक्के लॅक्टिक आम्लाचं आणि १८ टक्के ग्लायकोलिक आम्लाचं कोपॉलिमर. दोन्ही एस्टर बंधांनी जोडलेली. म्हणजे पॉलिएस्टर! आमच्या दाण्याचा बंध आणि या पट्टीचा बंध एकाच जातीचा. पेटमध्ये तो बंध बेंझिनच्या वलयांच्या कुशीत असतो, म्हणून साध्या तापमानाला बाटलीतलं पाणी त्याला हात लावू शकत नाही. या पट्टीत तो उघडा असतो, म्हणून शरीराच्या ३७ अंशांतही पाणी त्याला हळूहळू तोडत जातं.

आणि किती हळू तोडायचं ते ठरवता येतं, हे ऐकल्यावर तर मला राहवेना. त्या रात्री जेवणंसुद्धा उरकायची राहिली आणि मी वाचत बसले. ग्लायकोलिक जास्त घातलं की पाणी लवकर शिरतं. पापणीच्या ऑपरेशनला नेहमी वापरले जाणारे विरघळणारे टाके पॉलिग्लॅक्टिनचे असतात, त्यात ग्लायकोलिक नव्वद भाग आणि लॅक्टिक दहा भाग. त्यांची ताकद तीन आठवड्यांत निम्म्यावर येते आणि साधारण दोन ते अडीच महिन्यांत ते संपतात. पॉलिडायॉक्सॅनोन हे दुसरं भावंड. त्याचा टाका चार आठवड्यांनंतरही निम्मी ताकद राखतो आणि संपायला सहा महिन्यांहून जास्त घेतो. त्याच्या पातळ लवचीक चकत्या डोळ्याच्या खोबणीचा मोडलेला तळ झाकायला वापरल्या जातात. लॅक्टिकचं प्रमाण जास्त असलेली मामाची पट्टी पहिले दोन महिने बरीचशी मजबूत राहते आणि वर्षभराच्या आसपास निरोप घेते. त्याहून सावकाश चालणारं पॉलिकॅप्रोलॅक्टोन, ते दोन-तीन वर्षं घेतं. सिंगापूरमध्ये त्याच्या त्रिमितीय छापलेल्या जाळ्या बनतात आणि खोबणीच्या हाडासाठी वापरल्या जातात. एकाच कुळातले चौघे, आणि प्रत्येकाचं निघून जाण्याचं वेळापत्रक वेगळं! कारखान्यात आम्ही माल किती टिकेल ते मोजतो. इथे माल नेमका कधी संपेल ते मोजून ठरवलेलं असतं.

तो जातो कुठे, हे तर याहून सुंदर आहे. पाणी आधी साखळीतल्या सैल, अस्ताव्यस्त भागात शिरतं आणि बंध तोडत सुटतं. म्हणून वस्तू दिसायला जागेवर असते तेव्हाच तिची ताकद उतरू लागलेली असते. साखळ्या तुटत तुटत अखेर सुटं लॅक्टिक आम्ल उरतं. धावल्यावर आपल्या स्नायूंत जे तयार होतं तेच. शरीराला त्याचं काय करायचं ते पक्कं ठाऊक आहे. पेशी त्याला क्रेब्स चक्रात घालतात, त्यातून ऊर्जा काढतात, आणि शेवटी उरतो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. म्हणजे मामाच्या गालातली पट्टी त्याच्या श्वासातून बाहेर पडणार! हान्स क्रेब्स यांनी हे चक्र मांडलं १९३७ साली. आणि त्याच १९३७ साली अमेरिकेतले वेंडेल ह्यूज यांनी वरच्या पापणीच्या आतल्या थराचा भाग खाली आणून खालची पापणी नव्याने घडवण्याची पद्धत प्रसिद्ध केली, जी आजही वापरात आहे. एकीकडे पापणीचं शिल्प, दुसरीकडे पेशीतली भट्टी. दोघांचा रस्ता पुढे एकाच पापणीत येऊन मिळेल हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नसेल.

या रसायनाचा जन्म वाचताना तर मी उभी राहून वाचत होते. ड्युपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने १९३०च्या सुमारास पहिले पॉलिएस्टरचे धागे ओढले. १९३२ साली त्यांनी लॅक्टिक आम्लापासूनही साखळी जोडून दाखवली. पण हे धागे थोड्या उष्णतेने मऊ पडत आणि गरम पाण्यात टिकत नसत. कापडासाठी असला धागा काय कामाचा? तो बाजूला पडला, गट दुसऱ्या बंधाकडे वळला आणि १९३५ साली नायलॉन जन्माला आलं. पाण्याने तुटतं म्हणून जे मागे राहिलं, त्यालाच पुढे शरीरात जागा मिळाली. १९७०च्या सुमारास पॉलिग्लायकोलिक आम्लाचे टाके बाजारात आले, १९७४ साली पॉलिग्लॅक्टिनचे. आज घरोघरी 'विरघळणारे टाके' हे शब्द माहीत आहेत ते यांच्यामुळे.

आणि आता माझा सगळ्यात आवडता शोध. पॉलिलॅक्टिक आम्ल शस्त्रक्रियेतल्या इम्प्लांटसाठी वापरता येईल, असं मांडणारा निबंध १९६६ साली 'आर्काइव्ह्ज ऑफ सर्जरी' या नियतकालिकात आला. काम वॉल्टर रीड या अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय केंद्रातलं. त्यावरचं पहिलं नाव वाचलं आणि मी मोठ्याने ओरडले: आर. के. कुलकर्णी! कुलकर्णी, पानी, न्यूमन आणि लेनर्ड या चौघांनी गिनीपिग आणि उंदरांच्या शरीरात हे पॉलिमर ठेवून दाखवलं, की ते विषारी नाही, आजूबाजूच्या ऊतींना त्रास देत नाही आणि सावकाश विघटित होतं. त्यानंतर १९७२ साली कटराइट आणि हनसक यांनी माकडांच्या डोळ्याच्या खोबणीचा मोडलेला तळ पॉलिलॅक्टिक आम्लाच्या चकतीने दुरुस्त केला. बघा, डोळ्याच्या शेजारी हे पॉलिमर पोहोचायला सहाच वर्षं लागली! ज्या वस्तूने माझ्या मामाचा गाल धरून ठेवला तिच्या पहिल्या पानावर एक कुलकर्णी आहेत, हे आमच्या भोसरीच्या कँटीनमध्ये मी सगळ्यांना वाचून दाखवलं.

हा रस्ता सरळ मात्र नव्हता. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या सर्जननी गालाची मोडलेली हाडं शुद्ध पॉलि-एल-लॅक्टाइडच्या पट्ट्यांनी जोडली. हाडं उत्तम जुळली. पण तीन-एक वर्षांनी काही रुग्ण त्या जागी सूज घेऊन परत आले. शुद्ध पॉलिमर फार घट्ट, स्फटिकांनी भरलेलं. सैल भाग विरघळून गेला तरी स्फटिकांचे कण मागे रेंगाळत राहिले आणि शरीर त्यांच्याशी झगडत राहिलं. त्या डॉक्टरांनी हे लपवलं नाही, १९९३ साली सविस्तर छापलं. त्यांचा प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो. स्फटिक मोडण्यासाठी साखळीत ग्लायकोलिक मिसळायचं, म्हणजे पट्टी वर्षभरात पूर्ण जाईल, हे का महत्त्वाचं आहे ते अशा अनुभवांतून स्पष्ट झालं. ८२ आणि १८ हे नुसते आकडे नाहीत. लॅक्टिकने ताकद द्यायची आणि ग्लायकोलिकने वेळेवर जाण्याची वाट मोकळी करायची, असा तो तोल आहे.

या सामानाची निगा बघितली तर कारखान्यातल्या माणसाला गहिवरून येईल. वाफेच्या १२१ अंशांवर ते निर्जंतुक करता येत नाही. वाफ म्हणजे उष्णता आणि पाणी एकत्र, पट्टी तिथेच वाकडी व्हायची. म्हणून इथिलीन ऑक्साइड वायू किंवा किरणं वापरतात. मग ओल शिरू नये अशा फॉइलच्या पाकिटात बंद करतात. म्हणजे पाण्यासाठीच बनवलेली वस्तू ऑपरेशनच्या क्षणापर्यंत पाण्यापासून डोळ्यात तेल घालून जपायची! तीच आमची शिस्त, तोच कोरडेपणाचा ध्यास. याच कोपॉलिमरच्या हाडाच्या पट्ट्या ५५ ते ६० अंशांच्या पुढे मऊ होतात. त्या गरम करून सर्जन रुग्णाच्या हाडाप्रमाणे वाकवतात आणि काही सेकंदांत त्या पुन्हा ताठ होतात. ३७ अंशांत त्या ताठच राहतात. पॉलिडायॉक्सॅनोन आणि पॉलिकॅप्रोलॅक्टोन मात्र शरीराच्या तापमानालाही लवचीक असतात. कुठे ताठ हवं आणि कुठे लवचीक, याची निवड प्रत्येक चेहऱ्यागणिक होते.

मामाचं ऑपरेशन ठरलं. पापणीच्या आतून व्रण मोकळा केला, तिथे टाळूचा छोटा तुकडा बसवला, आणि खाली उतरलेला गाल दातेरी पट्टीने वर उचलून धरला. विरघळणाऱ्या पट्टीने टाळूची जागा घेतली नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. अस्तर शरीराचंच हवं होतं. पट्टीने गालाचं ओझं पेललं, म्हणजे नाजूक पापणीला निवांतपणे भरून यायला वेळ मिळाला. पापणीच्या कडेतून एक टाका घेऊन तो कपाळावर चिकटवला होता, म्हणजे सुरुवातीच्या दिवसांत पापणी वरच ताणलेली राहील. चेहरा सुजला, तोंडात झोंबलं, मामीने गार केलेली पेज आणि ताक देऊन दिवस काढले. गालावर हात फिरवला की पट्टी बोटाला लागायची. मामा म्हणायचा, "ही बघ तुझी पट्टी, अजून आहे." मी त्याला पुन्हा पुन्हा सांगायची, "असू दे मामा, तिची वेळ झाली की ती जाईल."

आणि ती गेली! आता वर्ष उलटून गेलंय. गाल सगळीकडे सारखा मऊ लागतो. पापणी बुबुळाच्या खालच्या कडेला येऊन टेकते. मॅडमनी पुन्हा पिवळा रंग लावून निळ्या प्रकाशात दाखवलं तेव्हा हिरवे ठिपके नव्हते. मामा झोपतो तेव्हा त्याचा डोळा मिटतो. मामीची रोज रात्रीची मलमाची नळी बंद झाली.

वाचता वाचता मी आमच्या पुण्यातही येऊन पोहोचले. टिपू सुलतानाबरोबरच्या युद्धात कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक कापलं गेलं होतं. इंग्रजी सैन्यासाठी बैल हाकणाऱ्या या माणसाचं नाक पुण्याजवळ कपाळाच्या कातडीने पुन्हा घडवलं गेलं. ती हकीकत ऑक्टोबर १७९४च्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये लंडनला छापली गेली. ती वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली इंग्लंडमध्ये तशी शस्त्रक्रिया केली, आणि युरोपात कपाळाची कातडी चेहऱ्याच्या दुरुस्तीसाठी वापरण्याला जोर आला. १८२९ साली हॅम्बुर्गच्या फ्रिके यांनी कपाळाच्या कडेची कातडी फिरवून पापणी घडवली. त्या पुण्याच्या हकीकतीतला एक तपशील मला विशेष आवडतो. नाकाचा आकार आधी मेणाच्या पातळ पत्र्याने घेतला, मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने कातडीवर रेघ आखली. मेणाने माप दिलं आणि त्याचं काम संपलं. मदतीला आलेल्या वस्तूने काम झालं की बाजूला व्हायचं, ही समज आपल्या मातीत किती आधीपासून आहे!

विरघळणाऱ्या आधाराचा पुढचा टप्पा टार्ससचा आहे. कर्करोगाची गाठ काढताना अख्खी पापणी काढावी लागली तर तिच्या आतल्या पट्टीसारखं दुसरं काही शरीरात नाही. भारतात पापणीच्या तेलग्रंथींचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने जास्त आढळतो, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला जवळचा आहे. ह्यूज यांच्या पद्धतीत नवी पापणी जगावी म्हणून डोळा काही आठवडे मिटलेला ठेवावा लागतो. तिथे विरघळणारा साचा बसवता आला आणि त्यात शरीराने स्वतःची पट्टी विणली तर? २०१० साली चीनमधल्या संशोधकांनी जिवाणूंकडून तयार करून घेतलेल्या एका पॉलिएस्टरचे साचे उंदरांच्या पापणीतल्या तुटलेल्या टार्ससमध्ये बसवले आणि जखमा समाधानकारकरीत्या भरून आल्या. माणसांत हे रोजच्या वापरात येईपर्यंत बरंच काम बाकी आहे. तेलाच्या ग्रंथी तर अजून कोणताच साचा उगवून देत नाही. पण रस्ता दिसतो आहे, आणि तो बघताना मला फार आनंद होतो.

विरघळणाऱ्या पट्ट्यांनी सगळं साधतं असं कोणीही म्हणू नये. त्यांनाही सूज येऊ शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो, व्रण फार जोरकस असेल तर पट्टी गेल्यावर पापणी थोडी उतरू शकते. टाळू, कूर्चा, दात्याचं ऊतक, सोन्याचं वजन, प्रत्येकाची आपापली जागा आहे. कुठे काय वापरायचं हे त्या तज्ज्ञानेच ठरवायचं. माझं म्हणणं एवढंच, की पापणीसारख्या ठिकाणी वेळेवर निघून जाणारा आधार ही माणसाने पदार्थांकडून करून घेतलेली अतिशय शहाणपणाची गोष्ट आहे, आणि ती आपल्या गावा-घरातल्या माणसांपर्यंत पोहोचली पाहिजे.

म्हणून शेवटी एक विनंती. तुमच्या घरात, वाडीत, कारखान्यात असा कोणी असेल की ज्याची पापणी अपघाताने, भाजल्याने, चेहऱ्याच्या पक्षाघाताने किंवा कुष्ठरोगाने मिटत नाही, तर "चालतंय" म्हणून सोडून देऊ नका. कुष्ठरोगाने रूप बिघडलेल्या माणसांच्या चेहऱ्याची आणि हातांची पुनर्रचना करण्यासाठी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातल्या डॉ. नोशीर अंटिया यांनी आयुष्य वेचलं, आपल्याकडे ही परंपरा आहे. झोपेत डोळा उघडा राहतो का, खालचा पांढरा भाग दिसतो का, वाऱ्यात डोळा लाल होतो का, एवढं बघा. पापणीच्या कडेला न दुखणारी, न जाणारी गाठ असेल तर तीही दाखवा. मोठ्या शहरांतल्या नेत्ररुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत ऑक्युलोप्लास्टीचे डॉक्टर भेटतात. त्यांच्याकडे जा, आणि न संकोचता विचारा: इथे विरघळणारा आधार चालेल का? पारदर्शक पडद्यावर एकदा पांढरा व्रण पडला की नजर परत आणणं अवघड होतं, पापणी मात्र त्याआधी सावरता येते.